मजुरी आणि फळ

माझ्या वकिलीत गीता सर्वांत जास्त ऐकू येते ती विरुद्ध पक्षाकडून. तडजोडीच्या बैठकीत आकड्यावर गाडी अडते, चहाचा दुसरा फेरा होतो आणि मालकाच्या बाजूचं कुणीतरी वडीलधारं माणूस खुर्चीत मागे रेलून म्हणतं, ‘‘मॅडम, आपण काम करत राहावं, फळाची आशा धरू नये. भगवंतानेच सांगून ठेवलंय.’’ हे नुसतं ढोंग असतं तर उत्तर सोपं होतं. पण त्या क्षणी माझ्या शेजारी बसलेला माझा पक्षकारही मान डोलावतो. त्याच्या घरीही तीच पोथी आहे, तोही तेच मानतो.

मग माझ्यापुढे खरा प्रश्न उभा राहतो. मालक आणि कामगार दोघांचीही ज्या श्लोकावर श्रद्धा आहे, त्या श्लोकाप्रमाणे मी दाखल केलेला दावा ही फलासक्ती ठरते का? सोलापुरात कामगारांची वकिली करणाऱ्या माणसाला हा प्रश्न टाळता येत नाही. हे सिद्धरामेश्वरांचं गाव. गिरण्या, माग आणि विड्या यांवर वाढलेलं, आणि प्रत्येक मागाच्या वर एक देवाची तसबीर लावणारं.

एक प्रकरण सांगते. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना. कामगार बावीस वर्षं त्याच शेडमध्ये मागावर उभा. कानात मागाचा आवाज इतका मुरलेला की माझ्या ऑफिसातही तो ओरडूनच बोलायचा. शेवटचा पगार महिना १०,४०० रुपये. गुडघे गेले, काम सोडलं. मालकाने सत्यनारायण घातला, सगळ्यांसमोर शाल आणि श्रीफळ दिलं आणि पाकिटात ४०,००० रुपये. त्या संध्याकाळी कामगाराच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, हे त्याने मला स्वतः सांगितलं.

आता तेव्हा लागू असलेला ग्रॅच्युइटीचा १९७२ चा कायदा काय म्हणत होता? सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचं वेतन. दिवसाचं वेतन काढताना महिन्याला तीसने नाही, २६ ने भागायचं, कारण आठवड्याच्या सुट्ट्या वगळून कामाचे दिवस तेवढेच. हा वादसुद्धा एकेकाळी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि पुढे २६ चा आकडा कायद्यातच आला. १०,४०० भागिले २६ म्हणजे दिवसाला ४००. पंधरा दिवसांचे ६,०००. बावीस वर्षांचे १,३२,०००. मी हे कागदावर मांडून दाखवलं तेव्हा कामगार घाबरला. ‘‘मॅडम, एवढं मागायचं? त्यांनी शाल घातली हो मला.’’

मालकही वाईट माणूस नव्हता. त्याच्या आजोबांनी तेलंगणातून येऊन शहराच्या पूर्व भागात भाड्याच्या खोलीत हातमाग टाकला होता. पद्मशाली समाजात मार्कंडेय ऋषींकडे कुळाचं मूळ सांगतात आणि भावनाऋषींनी कमळाच्या तंतूंतून देवांसाठी पहिलं वस्त्र विणलं, अशी कथा आहे. म्हणजे विणणं हे त्यांच्या लेखी मुळात देवाचं काम. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो तेव्हा हा गृहस्थ दरवर्षी प्रसादाचा खर्च उचलतो. बैठकीत तो मला कळवळून म्हणाला, ‘‘मी त्याला घरातला मानला. तुम्ही त्याला कोर्टातला केला.’’

या एका वाक्यात सगळा पेच आहे. घरातल्या माणसाला आपण प्रेमाने देतो, हिशोबाने देत नाही. आणि जिथे प्रेम आहे तिथे हिशोब मागणारा हलका ठरतो. म्हणून आधी हे बघायला हवं, की श्लोकातलं ‘फळ’ म्हणजे नक्की काय. मजुरी हे फळ आहे का?

मला त्याचं उत्तर सापडलं ते माझ्याच धंद्याच्या नियमांत. भारतीय वकील परिषदेचा नियम आहे, की वकिलाने निकालावर अवलंबून असलेली फी ठरवू नये आणि पक्षकाराला मिळणाऱ्या रकमेत वाटा मागू नये. दावा जिंकला तर इतके टक्के, हरला तर काही नाही, असा सौदा अमेरिकेत चालतो. आपल्याकडे तो गैरवर्तन आहे. कामाची फी मात्र घ्यायला हरकत नाही. कागद वाचले, अर्ज लिहिला, उलटतपास घेतला, त्याचं मोल घ्या. निकाल पक्षकाराचा, त्यावर नजर ठेवू नका.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला तो उपदेश माझ्या मते इतक्या स्वच्छपणे व्यवहारात कुणी उतरवला नसेल. श्रमाचं मोल वेगळं आणि फळ वेगळं. टॉवेलच्या कारखान्यात फळ कोणतं? टॉवेल, त्याची निर्यात, त्यावरचा नफा, बाजारातलं नाव. बावीस वर्षांत त्या कामगाराने यातल्या कशावरही हक्क सांगितला नाही. माल कुठे गेला, कोणत्या भावाला गेला, हे त्याने कधी विचारलंही नाही. निष्काम कर्म म्हणतात ते हेच असेल, तर ते त्याने रोज बारा-बारा तास केलं आहे. तो मागतोय ते फळ नाही. त्याने आधीच देऊन टाकलेल्या वर्षांची आणि गुडघ्यांची भरपाई मागतोय, तीही कायद्याने ठरवलेल्या माफक दराने. मालक त्याला फळ सोडायला सांगत नव्हता. फळ तर आधीपासून मालकाकडेच होतं. मालक त्याला मजुरी सोडायला सांगत होता आणि त्यावर श्लोकाचं लेबल लावत होता.

हे म्हटल्यावर मालकाने मला पेचात पकडायला विचारलं, ‘‘मग गीता मजुरांसाठी नाहीच का?’’ प्रश्न चांगला होता. त्यावर मी बराच विचार केला आहे.

उपदेश कुणाला केला गेला, हे बघितल्याशिवाय उपदेश कळत नाही. तो श्लोक अर्जुनाला सांगितला. अर्जुन राजपुत्र होता. जिंकला तर पृथ्वीचं राज्य आणि हरला तरी स्वर्ग, असा त्याचा सौदा होता. ज्याच्यापुढे एवढं मोठं फळ लोंबतंय त्याला सांगितलं, की त्यावर डोळा ठेवून लढू नकोस. रथाच्या घोड्यांना वैरण घालणाऱ्या माणसाला कृष्णाने ‘तुझी मजुरी सोड’ असं सांगितल्याचं मी कुठे वाचलेलं नाही. उलट त्याच गीतेच्या तिसऱ्या अध्यायात यज्ञाचं चक्र सांगताना, ज्यांच्याकडून मिळालं त्यांचा वाटा त्यांना न देता जो एकटाच भोगतो त्याला सरळ चोर म्हटलं आहे. दुसरा अध्याय सगळ्यांना पाठ असतो. तिसऱ्यापर्यंत बैठक टिकत नाही.

आमच्या गावाच्या कथेतही हेच आहे. सोलापूरचं जुनं नाव सोन्नलिगे. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी इथे अडुसष्ट लिंगं स्थापली आणि तलाव खोदवला. मंदिर आजही त्या पाण्यात उभं आहे. ‘शून्यसंपादने’ या कन्नड ग्रंथात प्रसंग येतो, की तलावाचं काम चालू असताना संत अल्लमप्रभू तिथे आले आणि त्यांनी विचारलं, तो ओड्ड सिद्धराम कुठे आहे? ओड्ड म्हणजे माती-दगड खोदणारा, वडार. गुरूचा असा उल्लेख ऐकून खोदणारी माणसं भडकली, त्यांनी अल्लमांवर दगड फेकले. पुढे सिद्धराम आले, वाद झाला. अल्लमांचं म्हणणं असं, की तलाव खोदलास, देवळं बांधलीस, पण ‘मी केलं’ हा भाव सुटला नाही तर हे सगळं पुण्यही एक बंधनच आहे. सिद्धरामांना ते पटलं आणि ते त्यांच्याबरोबर कर्नाटकातल्या, बसवण्णांच्या कल्याणला गेले.

ही कथा मी वकिलाच्या नजरेने वाचते. कर्तेपणाचा अहंकार सोड, हे अल्लमांनी कुणाला सांगितलं? ज्याच्या नावाने तलाव ओळखला जाणार होता त्याला. टोपल्या वाहणाऱ्यांना त्यांनी एका शब्दाने त्याग शिकवला नाही, दगड खाऊनसुद्धा. त्या माणसांना सोडण्यासारखं काही नव्हतंच. तलावाला त्यांचं नाव लागणार नव्हतं. निष्कामतेचा उपदेश वरच्याने वरच्याला करायचा असतो. आठशे वर्षांत आपण तो उतरणीला लावला. आज तो मालकाकडून मुकादमाकडे आणि मुकादमाकडून हजेरीवरच्या बाईकडे येतो, आणि खाली येता येता त्याचा अर्थ उलटा होतो.

आता विडी कामगार बायकांकडे येते, कारण तिथे माझा हा नीटनेटका युक्तिवाद अडखळतो.

विड्या घरी वळल्या जातात. कारखान्यातून पान, तंबाखू आणि सूत आणायचं, पान भिजवायचं, कात्रीने मापात कापायचं, वळायचं, पंचवीस-पंचवीसचे कट्टे बांधायचे आणि सकाळी पाटी घेऊन ब्रँचवर जायचं. तिथे तपासणारा बसलेला असतो. तो कट्टा उचलतो, दोन बोटांत फिरवतो आणि काही विड्या बाजूला टाकतो. पान फाटकं, तोंड सैल, बारीक झाली. याला म्हणतात छाट. छाट विड्यांचे पैसे नाहीत. आणि त्या विड्या बाईला परतही मिळत नाहीत. त्या तपासणाऱ्याच्या बाजूच्या ढिगात राहतात.

विडी कामगारांच्या १९६६ च्या कायद्याने छाटीचा वाद सोडवायची व्यवस्था केली, आणि महाराष्ट्राच्या नियमांनी साधारणपणे शेकडा पाचपेक्षा जास्त छाट काढू नये असं ठरवून दिलं. देशभरातल्या विडी कारखानदारांनी या कायद्याला आव्हान दिलं होतं. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला. कागदावर सगळं ठीक होतं. पण ज्या बाईचं प्रकरण माझ्याकडे आलं तिच्या लॉगबुकात छाटीच्या रकान्यात वर्षभर शून्य होतं. कारण छाट आधी काढायची आणि उरलेल्या विड्यांचीच नोंद करायची, अशी त्या ब्रँचची रीत. हजार विड्यांची नोंद व्हावी म्हणून बाई घरून अकराशे, कधी त्याहून जास्त घेऊन जायची. वरच्या शंभर विड्या कायद्याला दिसतच नव्हत्या.

बाई तेलुगू बोलणारी, पन्नाशीची, बोटांची टोकं पानाच्या रंगाची झालेली. मी तिला म्हटलं, ‘‘अक्का, इतकी वर्षं गप्प का बसलात?’’ ती म्हणाली, ‘‘देवुडु उन्नाडु, मॅडम.’’ देव आहे. तो बघतोय. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, हताशपणाही नव्हता. तिने खरंच ते देवावर सोडलं होतं.

इथे माझा युक्तिवाद अडखळतो असं म्हटलं, ते यासाठी. मालकाने सांगितलेला त्याग खोटा आहे हे मी सिद्ध करू शकते. पण बाईने आपणहून केला असेल तर? माणसाला आपलं येणं सोडून द्यायचा, माफ करायचा हक्क नाही का? जगातला कुठला धर्म क्षमेला कमी लेखतो? मी कोण तिला सांगणारी, की तुमची श्रद्धा बाजूला ठेवा आणि या वकालतनाम्यावर सही करा?

कायद्याचं उत्तर विलक्षण आहे. १९४८ च्या किमान वेतन कायद्याचं पंचविसावं कलम म्हणत होतं, की किमान वेतनाचा हक्क सोडून देणारा कामगाराचा करार रद्दबातल आहे. स्वखुशीने सही केली तरी रद्दबातल. २०२५ च्या नोव्हेंबरात जुने २९ कायदे जाऊन चार संहिता आल्या, तरी वेतनसंहितेत ही तरतूद कायम आहे. एरवी कायदा माणसाला त्याच्या मालमत्तेचं काहीही करू देतो. शेत दान करा, घर बक्षीसपत्राने द्या, कर्ज माफ करा. पण इथे तो मजुराचा हात धरून म्हणतो, हे तुला सोडता येणार नाही. जणू गीता एका दिशेला ओढते आणि कायदा दुसऱ्या.

असं का, याचं सर्वांत खोल उत्तर सर्वोच्च न्यायालयाच्या १९८२ च्या एका निकालात आहे. दिल्लीत एशियाडची स्टेडियमं बांधली जात होती. मजुरांचं किमान वेतन दिवसाला ९ रुपये २५ पैसे; मधला जमादार त्यातला रुपया कापून हातावर ८ रुपये २५ पैसे ठेवायचा. मजूर तक्रार करत नव्हते. न्यायमूर्ती भगवती यांनी निकालात म्हटलं ते थोडक्यात असं, की जो माणूस किमान वेतनापेक्षा कमी पैशांत राबतो तो मोकळेपणाने राबत नाही. राज्यघटनेच्या तेविसाव्या अनुच्छेदात ज्या वेठीला बंदी आहे तीच ही. सक्ती म्हणजे फक्त चाबूक नाही. भूकसुद्धा सक्ती आहे. ज्याच्यापुढे दुसरा मार्गच नाही त्याच्या होकाराला होकार म्हणायचं नाही.

कायद्यातलं हे वाक्य मला अध्यात्मातलं वाटतं. त्याग खरा व्हायचा असेल तर आधी सोडणाऱ्याच्या हातात ती वस्तू असावी लागते आणि ती न सोडण्याची मोकळीक असावी लागते. राजवाडा सोडणाऱ्या सिद्धार्थाचा त्याग मोठा, कारण राजवाडा त्याचा होता. राजवाड्यातल्या ज्या दासीला दोन वेळचं मिळत नव्हतं तिच्या उपासाला आपण तपश्चर्या म्हणत नाही. म्हणून कायदा आणि गीता यांचं भांडण नाही. क्रम लावायचा आहे. कायदा म्हणतो, आधी हातात पडू द्या. मग सोडायचं तर सोडा, तो तुमचा आणि तुमच्या देवाचा मामला. मजूर बाईला पूर्ण हिशोब मिळाला आणि तिने त्यातले हजार रुपये सिद्धेश्वराच्या पेटीत टाकले, तर मला एक शब्द बोलायचा अधिकार नाही.

माझे वडील गिरणीत साळखात्यात होते. पगाराच्या दिवशी घरी आले की पाकीट आधी देवापुढे ठेवायचे, हळदकुंकू वाहायचे आणि मग आईच्या हातात द्यायचे. रोज गीतेचा एक अध्याय वाचणारा तो माणूस, पण पगारपत्रकावर सही करण्याआधी एकेक खाडा मोजून बघायचा. चूक असेल तर कारकुनाशी भांडून दुरुस्त करून घ्यायचा. त्यांना यात विसंगती वाटत नसे. देवापुढे ठेवायचं ते पुरतं असावं, एवढाच त्यांचा विचार.

आणखी एक उत्तर बायका देतात, ते जास्त अवघड आहे. ‘‘मागच्या जन्मीचं असेल.’’ संचित, प्रारब्ध. यावर मी वाद घालत नाही, कारण दुःखात बुडालेल्या माणसाचा तो आधार असतो आणि आधार काढून घ्यायला मी गेलेली नसते. पण एवढं विचारते, की मागच्या जन्मीच्या कर्माने तुमच्या वाट्याला विड्या आल्या असतील; छाट काढणाऱ्याचा हात तर या जन्मीचा आहे ना? त्याचं कर्म कुणाच्या खात्यावर? कर्मसिद्धान्त खरा मानला तर तो दोन्ही बाजूंनी खरा मानावा लागेल. डॉ. आंबेडकर १९४२ ते ४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्याआधी, १९३६ मध्ये, त्यांनी लिहून ठेवलं होतं, की जात ही नुसती श्रमाची वाटणी नाही, ती श्रमिकांचीही वाटणी आहे. आणि बुद्धावरच्या ग्रंथात त्यांनी पूर्वजन्मीच्या कर्माचा हिशोब या जन्मीच्या गरिबीला लावण्याचा विचार नाकारला. मजूर खातं सांभाळलेला माणूस कर्मविपाकावर लिहितो, याचं मला नवल वाटत नाही. ज्याला वेतनाचा प्रश्न सोडवायचा आहे त्याला कर्माच्या प्रश्नाशी कधीतरी भिडावंच लागतं.

गावातल्या आणखी एका गोष्टीकडे बघायला हवं. संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत अक्षता सोहळा होतो. आख्यायिका अशी, की एक कुंभाराची मुलगी सिद्धरामेश्वरांच्या जागी रोज सडा-रांगोळी घालायची. एक दिवस तिने लग्नाची इच्छा बोलून दाखवली. योगी म्हणाले, माझ्या योगदंडाशी लग्न कर. आजही नंदीध्वजांची मिरवणूक निघते आणि हजारो लोक त्या लग्नाच्या अक्षता टाकतात. सेवा केली आणि बदल्यात काही मागितलं, म्हणून तिला कुणी हाकललं नाही. विरक्त माणसानेही तिच्या मागण्याला उत्तर दिलं, आपल्याला शक्य त्या रूपात दिलं. कथेचा शेवट मात्र मला सुखाने ऐकवत नाही: पुढे ती होमात गेली असं सांगतात आणि दुसऱ्या दिवशी होम मैदानावर तिचं प्रतीक अग्नीला दिलं जातं. मागणाऱ्या बाईला आपण अक्षता टाकतो आणि जाळतोही. गाव दोन्ही गोष्टी तितक्याच भक्तीने करतं.

मागण्याची बाजू घेतली म्हणून मागणाऱ्यावर बंधन नाही असं नाही. बसवण्णांच्या मांदियाळीत आयदक्की मारय्या नावाचा शरण होता. अंगणात सांडलेले तांदूळ वेचायचे आणि त्यावर जंगमांना जेवू घालून आपण जेवायचं, हे त्याचं कायक, म्हणजे उपासना मानून केलेला श्रम. एक दिवस त्याने नेहमीपेक्षा जास्त तांदूळ आणले. बायको लक्कम्मा म्हणाली, आपल्याला लागतात त्याहून जास्त आहेत, परत ठेवून या. मला ही गोष्ट धंद्यात फार उपयोगी पडते. दावा लिहिताना कामगार हळूच म्हणतो, ‘‘ओव्हरटाइमचे तास जरा वाढवून टाका मॅडम, शेवटी कापतातच की.’’ मी ते लिहीत नाही. एक फुगवलेला तास उरलेल्या सगळ्या खऱ्या तासांना खोटं पाडतो, हे वकिली कारण झालंच. पण खरं कारण लक्कम्माचं आहे. जो म्हणतो, माझं मला द्या, त्याला ‘माझं’ किती हे धान्य निवडावं तसं निवडता आलं पाहिजे.

त्या विडी कामगार बाईकडे पुरावा काय, हा प्रश्न मला भेडसावत होता. लॉगबुक मालकाच्या बाजूने बोलत होतं. मग तिची मुलगी एके दिवशी पिशवीतून तीन वर्षांची तेलुगू कॅलेंडरं घेऊन आली. रोजच्या चौकटीत, तिथीच्या खाली, बॉलपेनने एक आकडा. ९०. १२०. ८५. सणाच्या दिवशी रिकामी चौकट. रोज ब्रँचवरून आल्यावर आई सांगायची आणि मुलगी लिहायची. कोर्टात त्या कॅलेंडरांना निशाणी क्रमांक पडले. विरुद्ध बाजूच्या वकिलाने उलटतपासात नेमका तोच मुद्दा काढला जो माझ्याही मनात होता. तुम्ही तर म्हणता देवावर सोडलं होतं; मग हे कुणासाठी लिहीत होता? दुभाष्याने प्रश्न तेलुगूत सांगितला. बाई जराही न घुटमळता म्हणाली, ‘‘देवाला दाखवायला.’’

माझ्या मते इतकं पक्कं तत्त्वज्ञान मी कुठल्या भाष्यात वाचलेलं नाही. देवावर सोडणं म्हणजे हिशोब विसरणं, असं आपण धरून चालतो. तिने न्याय देवावर सोडला होता, हिशोब स्वतःकडे ठेवला होता. देव न्यायाधीश असेल तर त्याच्यापुढेही कागद लागतात, आणि ते कागद गरिबालाच तयार करावे लागतात.

तिचं प्रकरण तडजोडीत मिटलं. टॉवेलवाल्या कामगाराचंही मिटलं. आमच्याकडची बहुतेक प्रकरणं तशीच मिटतात. एका शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलं, की बेकायदा काढलेल्या माणसाला मागच्या पगारासह परत घेणं हाच सर्वसाधारण नियम. पण नियम हातात पडेपर्यंत वर्षं जातात; मुलीचं लग्न आणि आईचं ऑपरेशन तेवढं थांबत नाही. टॉवेलवाल्याने १,३२,००० पैकी एक लाख दहा हजार घेतले, आधीचे चाळीस धरून. बावीस हजार सोडले. हा त्याग म्हणायचा की वेठ?

मालक म्हणाला, दोघांनी थोडं थोडं सोडलं, देवाला तेच आवडतं. मला ते पटलं नाही, कारण मालकाने सोडलं ते त्याचं नव्हतंच. पण कामगाराचं काय? मी त्याला सही करण्याआधी ऑफिसात बसवून पुन्हा सगळा हिशोब सांगितला. लढलो तर पूर्ण मिळेल, व्याजही मागता येईल, वेळ लागेल. फीसाठी मी थांबेन, त्याची चिंता नको. दोन दिवस घरी जाऊन बायकोशी बोला, असं म्हटलं. तो तिसऱ्या दिवशी आला आणि म्हणाला, ‘‘बावीस वर्षं त्यांचं मीठ खाल्लंय. वर्षाला हजार सोडतो.’’

ते मीठ त्याच्याच मजुरीचं होतं, हे माझ्या ओठांवर आलं होतं. मी बोलले नाही. कारण या वेळी त्याला पूर्ण आकडा माहीत होता, तो मिळवायची वाट माहीत होती, आणि त्या वाटेवर माझ्यासारखं एक माणूस फीसाठी न अडता चालायला तयार होतं. सत्यनारायणाच्या दिवशी त्याने ९२,००० सोडले तेव्हा त्याला ते आपले आहेत हेच ठाऊक नव्हतं. त्या ९२,००० ला मी लूट म्हणते. या २२,००० ला लूट म्हणायचा अधिकार मला नाही. त्यात गरजेचा किती वाटा होता आणि कृतज्ञतेचा किती, ते कुठल्याच कोर्टाला निवडता येणार नाही. वकिलाचं काम एवढंच, की माणूस जेव्हा सोडतो म्हणेल तेव्हा आकडा त्याच्या समोर असावा आणि नाही म्हणायची मोकळीक त्याच्या हातात असावी. श्लोक त्यानंतर सुरू होतो.